परसदारचा मांडव : एचओए मंजुरीच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

टेप घेऊन परसदार मोजलं. मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत ३८ फूट, आडवं ६२. तोंड थेट पश्चिमेला. डॅलसच्या उत्तरेला ज्यांचं परसदार पश्चिमेला आहे त्यांना वेगळं सांगायला नको : जुलै-ऑगस्टात रात्री आठपर्यंत मागचं दार उघडायची सोय नाही. घर घेऊन चार वर्षं झाली, आणि मागे आम्ही फक्त गवत कापायला जातो.

ठरलेलं काम : सीडरच्या लाकडाचा उघडा पर्गोला (खांबांवर नुसत्या पट्ट्यांचं छत), १४ बाय १८ फूट. खाली काँक्रीटचा स्लॅब, एका बाजूला ग्रिल बसवलेला ओटा, गॅसची लाइन, दोन दिवे. जागा डाव्या मागच्या कोपऱ्यात, कारण तिथे लिव्ह ओकची थोडी सावली आधीच आहे.

अण्णा (सासरे) जानेवारीअखेर तासगावहून आलेत, जुलैपर्यंत आहेत. त्यांना पर्गोल्याचं चित्र दाखवलं तर म्हणाले, "हा तर मांडव." चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस, त्यांना दुसरं काय दिसणार? तेव्हापासून घरात सगळे मांडवच म्हणतात.

एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, परवानगी काढावी लागेल म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न : "सातबारा तुमच्याच नावावर हाय न्हवं? मग इचारायचं कुणाला?"

९ फेब्रुवारी

अण्णांना उत्तर सापडलं. सातबाऱ्याला 'इतर हक्क' असा रकाना असतो, त्यात सोसायटीचा बोजा, वाटेचा हक्क वगैरे चढलेलं असतं. इथे तसाच बोजा बिल्डरने पहिलं घर विकायच्या आधीच सगळ्या ३१२ प्लॉटांवर चढवून ठेवलाय. त्या अटींच्या कागदाला सगळे सीसी अँड आर (कॉव्हेनन्ट्स, कंडिशन्स अँड रिस्ट्रिक्शन्स) म्हणतात. काउंटी क्लर्ककडे नोंदवलेला असतो, कोणालाही बघता येतो. तो माणसावर नसतो, जमिनीवर असतो. मालक बदलला, घर दहा वेळा विकलं, तरी अटी जागच्या जागी. आपण वाचला का नाही याला किंमत नाही. आम्ही क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, दिवशी पन्नासेक सह्या करताना वाचला नव्हता.

अण्णांना बोजा म्हटल्याबरोबर सगळं कळलं. मला कळायला चार वर्षं गेली.

आज वाचला. ८६ पानं. कामाच्या गोष्टी वहीत उतरवल्या. बाहेरच्या कुठल्याही बांधकामाला आर्किटेक्चरल कमिटीची लेखी मंजुरी, तीही काम सुरू करण्याआधी. कमिटीला पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३० दिवस. आणि ज्याच्याखाली दोन रेघा मारल्या ते : ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर अर्ज *नामंजूर* धरायचा. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण छातीठोकपणे सांगत होता की महिना उलटला की आपोआप मंजूर. त्याच्या वसाहतीत असेल. हे प्रत्येक वसाहतीच्या कागदावर असतं, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

१६ फेब्रुवारी

घर घेतानाचा सर्व्हे (प्लॉटचा मोजणी नकाशा) फाइलमधून काढला. मागच्या कुंपणाला समांतर तुटक रेघ, वर 'यू.ई.', म्हणजे युटिलिटी ईझमेंट, १० फूट. विजेच्या, फायबरच्या लाइनी त्या पट्ट्यातून जातात. जमीन आपली, पण तिथे पक्कं काही उभं करायचं नाही. माझ्या पहिल्या चित्रात मागचे दोन खांब बरोबर त्यात येत होते. सगळं अडीच फूट घराकडे सरकवलं. स्वतःवर खूश.

(ही खुशी नोंदवून ठेवते. पुढे लागेल.)

२३ फेब्रुवारी

तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. आकडे २१ हजार, २६ हजार आणि ३४ हजार डॉलर. ३४ वाल्याने जागा न मोजताच आकडा सांगितला. २१ वाला बोलायला फार गोड. म्हणाला, कमिटीच्या नादी कशाला लागता, लाँग वीकेंड बघून उभं करून टाकू, उभं राहिलेलं कोण पाडायला लावतंय? लावतात. आमच्याच रस्त्यावर एका घरी शेड उतरवलेली मी पाहिली आहे. आधी नोटीस, मग मुदत, मग दंड, आणि शेवटी ट्रकमध्ये भरलेल्या फळ्या. त्यातला एक डॉलर कॉन्ट्रॅक्टरच्या खिशातून गेला नाही.

२६ वाला घेतला. कमी बोलतो. विम्याचा कागद मागायच्या आधी त्याने स्वतः दिला.

१ मार्च

अर्जाचा दिवस. लागणारं सगळं टेबलावर मांडलं : फॉर्म, सर्व्हेच्या प्रतीवर स्केलमध्ये काढलेली जागा, समोरून आणि बाजूने चित्र उंचीसकट (सव्वादहा फूट), लाकडाचा प्रकार, स्टेनच्या (लाकडाला द्यायच्या) रंगाचा तुकडा, कॉन्ट्रॅक्टरचा विमा, परसदाराचे चार बाजूंनी फोटो, आणि लगतच्या शेजाऱ्यांच्या सह्या.

सही म्हणजे संमती नाही, फक्त 'आम्हाला दाखवलं' एवढंच. तरी सगळ्यात जास्त धाकधूक मला त्याचीच होती. उजवीकडच्यांनी दारातच सही केली. डावीकडे एकट्या आजी राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांनी आत बसवलं, चष्मा लावला, चित्र पूर्ण वाचलं आणि विचारलं, "पाऊस पडला की पाणी कुठे जाणार?" मी म्हटलं, रस्त्याकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सही केली, आणि नानकटायांचा डबा ठेवून घेतला.

३ मार्च

पोर्टलवर अर्ज भरला. पोच आली. स्क्रीनशॉट काढून तारखेसकट ठेवला.

१२ मार्च

अर्ज अपूर्ण. पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा नाही. आणि ३० दिवस 'पूर्ण' अर्जापासून मोजायचे असल्यामुळे गेलेले नऊ दिवस पाण्यात. फॉर्मच्या यादीत निचऱ्याचा शब्द नाही, तो आहे सीसी अँड आरच्या जोडपत्रात, ७१ व्या पानावर. ७१ वं पान मी वाचलं होतं. तेव्हा ते स्विमिंग पूलवाल्यांसाठी आहे असं वाटलं.

१९ मार्च

निचऱ्याचा आराखडा म्हणजे सर्व्हेच्या प्रतीवर निळ्या पेनाने बाण. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पाणी घरापासून दूर जातंय एवढं दाखवा. दाखवलं. डायनिंग टेबलावर बसून, आठवणीतून, सहा सुंदर बाण. पुन्हा अर्ज. पुन्हा पोच.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी मागच्या दाराशी उभारली. अण्णांनी गंमतीत विचारलं, हिला पण परवानगी लागते का? नाही. टेक्सासच्या कायद्यात घरमालकाला आपल्या जागेत धार्मिक वस्तू लावू देण्याबद्दल स्वतंत्र कलम आहे, २०२१ मध्ये ते आणखी सैल केलं. त्यालाही अपवाद आहेत, पण एका दिवसाची काठी आणि तांब्या त्यात बसत नाहीत. दुपारी श्रीखंड. कमिटीचं काही नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

नामंजूर.

पत्रात दीड ओळ : "वसाहतीच्या स्वरूपाशी सुसंगत नाही. निचरा." बस. निचरा काय? चुकीचा, कमी, जास्त? आमच्या मागच्या रांगेत निदान चार पर्गोले मला माडीवरून दिसतात, मग आमचाच विसंगत कसा? नवरा म्हणाला, आपलं आडनाव बघून. मला तसं वाटत नाही, पण दीड ओळीचं पत्र लिहिलं की माणूस असलेच अर्थ काढतो, आणि त्याला ते लिहिणारेच जबाबदार.

१३ एप्रिल

राग कायदा वाचण्यात घालवला. टेक्सास प्रॉपर्टी कोडचं २०९ वं प्रकरण, कलम २०९.००५०५, हे २०२१ मध्ये आलं. ४० पेक्षा जास्त प्लॉट असलेल्या वसाहतींना लागू. त्यातलं कामाचं :

एचओएच्या संचालक मंडळावर सध्या असलेला माणूस, त्याचा नवरा किंवा बायको, किंवा त्याच्या घरात राहणारं कोणी, या कमिटीवर बसू शकत नाही. नकार लेखी हवा, कारण पुरेशा तपशिलात हवं आणि काय बदललं तर मंजूर होईल तेही सांगायला हवं. नकाराचं पत्र निघाल्यापासून ३० दिवसांत मालक मंडळापुढे सुनावणी मागू शकतो. मागितल्यावर मंडळाने ३० दिवसांत ती घ्यायची आणि किमान १० दिवस आधी कळवायचं. सुनावणीचं ध्वनिमुद्रण मालकाला करता येतं.

माझा पुण्यातल्या सोसायटीचा अनुभव असा की बाल्कनीच्या ग्रिलचा अर्ज सेक्रेटरीच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि गणपतीत कधीतरी जिन्यात 'करा हो' म्हणून सांगितलं जातं. इथे तो जिना नाही. कागदच बोलतो. एकदा हे पटलं की सोपं आहे.

१४ एप्रिल

सुनावणीची मागणी पाठवली. ईमेलने, आणि सर्टिफाइड पोस्टानेही. भाषा मऊ ठेवली. कलमाचा आकडा एकदाच, शेवटच्या परिच्छेदात.

१९ एप्रिल, शनिवार

आजची नोंद लांबणार.

पहाटेपासून विजा, सात वाजता धो धो. अण्णा खिडकीत चहा पीत होते. म्हणाले, "तू ते निळे बाण काढलेस, ते बघितलेस का कधी पाणी असताना?" नाही बघितले. मग आम्ही दोघं छत्र्या घेऊन बाहेर.

पाणी दिसतच नव्हतं. सगळीकडे गवत, गवतात पाणी, कुठून कुठे जातंय काही कळेना. अण्णा आत गेले आणि भडंगासाठी सांगलीहून आणलेल्या चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन आले. मी नको नको म्हणेपर्यंत मूठभर उजव्या कुंपणापाशी टाकले.

चुरमुरे दोन क्षण जागीच फिरले. मग एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारखे, तिरपे निघाले. माझ्या पहिल्या बाणाच्या उलट दिशेला. ओकच्या बुंध्याला वळसा घातला, आणि डाव्या मागच्या कोपऱ्यात, जिथे स्लॅब येणार होता बरोबर तिथे, पांढरा थर जमला. तिथून कुंपणाला चिकटून एक उथळ खोलगा जातो. मी त्याला चार वर्षं 'तिथे गवत नीट कापलं जात नाही' एवढंच ओळखत होते. चुरमुरे त्या खोलग्यातून घराच्या बाजूने रस्त्यापर्यंत गेले. अण्णांनी परत एक मूठ टाकली. परत तेच.

"हा वगळ हाय," अण्णा म्हणाले. वगळ म्हणजे पाण्याची वाट, लहान ओघळ. "वगळीत कोण बांधतं?"

आत येऊन ओल्या हातांनीच सर्व्हे उघडला. डाव्या कुंपणाला समांतर तुटक रेघ, पाच फूट. तिच्यावर बारीक 'डी.ई.' ड्रेनेज ईझमेंट. यू.ई. बघितल्यावर मी खूश होऊन कागद मिटला होता. सहा इंच वर उचललेला स्लॅब तिथे टाकला असता तर पाणी थांबलं असतं, आणि मग कुंपणाखालून आजींच्या घराच्या पायाशी. टेक्सासच्या पाणी कायद्यातही नैसर्गिक वाहतं पाणी वळवून किंवा अडवून दुसऱ्याचं नुकसान करायला मनाई आहे, पण तो कायदा राहू दे. त्यांनी मला मार्चमध्येच विचारलं होतं.

कमिटीचं पत्र वाईट होतं. कमिटी बरोबर होती. दोन्ही एकदम.

२१ एप्रिल

कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. सर्व्हे त्यानेही बघितला होता, डी.ई. त्यालाही दिसली नव्हती; खजील झाला, नव्या चित्राचे पैसे घेतले नाहीत.

नवं चित्र : मांडव कोपऱ्यातून काढून मध्यावर, डाव्या कुंपणापासून १९ फूट. आकार १२ बाय १६. काँक्रीट रद्द, त्याऐवजी खडीच्या थरावर पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे), फटींतून पाणी मुरेल असे. उजवीकडून येणारं पाणी अडू नये म्हणून मांडवाच्या वरच्या अंगाला खडी भरलेला चर, आत भोकं पाडलेला ४ इंची पाइप, तो नेऊन खोलग्यात सोडायचा. ओकची सावली गेली. ती हळहळ आहेच.

२४ एप्रिल

सुनावणीची तारीख आली : ६ मे, संध्याकाळी साडेसहा.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

अण्णांना आज कुदळ मारायची होती. मंजुरीआधी खड्डा नाही, मी ठाम. मग ते नर्सरीतून द्राक्षाचं रोप घेऊन आले, मोठ्या कुंडीत लावलं, कुंडी मांडवाच्या नियोजित जागेवर ठेवली आणि नारळ फोडला. कुंडीला परवानगी लागत नाही. मी तपासलं.

६ मे, मंगळवार

क्लबहाउस, पूलच्या बाजूची खोली, घडीचं टेबल, पाचजण. आमच्याआधी कोणाच्या तरी कचऱ्याच्या डब्यांचं प्रकरण चाललं होतं. फोन टेबलावर ठेवून ध्वनिमुद्रण करत असल्याचं आधी सांगितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, खुशाल.

भांडणाची तयारी करून गेले होते. ती वापरायची वेळ आली नाही. सुरुवातच अशी केली : माझे आधीचे बाण चुकले होते. जुन्या आणि नव्या चित्राच्या पाच-पाच प्रती वाटल्या, आणि पावसातले फोटो. एका गृहस्थांनी फोटो डोळ्यांजवळ धरून विचारलं, हे पांढरं काय आहे? साबण? मी म्हटलं, तांदूळ. फुगवलेला. खायचा. ते सिव्हिल इंजिनियर निघाले. त्यांनी उरलेल्यांना चुरमुऱ्यांवरून वसाहतीचा उतार समजावून सांगितला, बिल्डरने प्रत्येक दोन घरांमध्ये असा खोलगा का ठेवलाय ते सांगितलं, आणि माझं काम झालं.

मग प्रश्न : ग्रिलचा धूर कुठे, दिवे शेजारच्या खिडकीत जातील का, स्टेन कुंपणाशी जुळतो का. 'स्वरूपाशी सुसंगत नाही' म्हणजे काय हे मी विचारलं. कमिटीचं कोणीतरी कोपऱ्यात बसलं होतं, ते म्हणाले, पहिल्या अर्जातला स्टेन लालसर होता, मान्य रंगांच्या यादीत तो नाही. एवढंच. ते पत्रात एका ओळीत लिहिता आलं असतं, हे मी आवाज न चढवता म्हटलं. ध्वनिमुद्रणात ऐकलं, थोडा चढलाच होता.

एकूण १४ मिनिटं. अण्णा मागे बसून होते. बाहेर आल्यावर म्हणाले, आमच्या ग्रामसभेपेक्षा बरी, पण चहा नाही.

९ मे

मंजूर, अटींसह. यादीतला तपकिरी स्टेन, दिवे खाली तोंड असलेले आणि झाकलेले, कामाची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रविवारी काम नाही, ड्रेनेज ईझमेंटमध्ये बांधकामाचं सामानही टाकायचं नाही, १२० दिवसांत काम पूर्ण. पत्र छापून फाइलला लावलं.

१२ मे

शहराचं परमिट. हे वेगळं प्रकरण आहे आणि पुष्कळजण इथे फसतात : एचओएची मंजुरी म्हणजे परमिट नव्हे, आणि परमिट म्हणजे एचओएची मंजुरी नव्हे. एक दुसऱ्याला विचारत नाही. शहर बघतं पाया, वीज, गॅस. रंगाशी त्यांना देणंघेणं नाही. गॅसची लाइन परवानाधारक प्लंबरकडूनच.

२८ मे

परमिट आलं. ८११ ला फोन, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी कुठून जातात ते रंगांनी आखून देतात. खणण्याआधी किमान ४८ तास कळवायचं, सेवा फुकट.

२ जून

परसदार होळी खेळल्यासारखं दिसतंय. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन-फायबर, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. आपण खणणार ती जागा आधी आपणच पांढऱ्याने आखून ठेवायची. नारिंगी रेघ चौथ्या खड्ड्यापासून दोन हातांवरून गेली आहे, तो खड्डा यंत्राने नाही, हाताने. लक्षात ठेवायचं : मीटरच्या अलीकडच्या आपल्या खासगी लाइनी हे लोक दाखवत नाहीत. स्प्रिंकलरचे पाइप आम्ही स्वतः झेंड्या लावून दाखवले, तरी एक फुटलाच.

७ जून

खड्डे. दीड फुटाखाली काळीभोर चिकणमाती निघाली. अण्णांनी ढेकूळ उचललं, बोटांत दाबलं, फोडलं, वास घेतला. "ही तर आपलीच. उन्हाळ्यात फाटती आणि पावसात फुगती." खरं आहे. इथला ब्लॅकलँड प्रेअरी आणि दख्खनची काळी रेगूर, माती वर्गवारीत दोन्ही व्हर्टिसॉल. म्हणूनच इथे घरांचे पाये हलतात, भिंतींना तडे जातात, आणि लोक उन्हाळ्यात पायाभोवती पाणी सोडतात. कॉन्ट्रॅक्टर तीन फूट खोल जाणार होता. अण्णांनी हातवारे करून त्याला साडेतीनला नेलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

१० जून

पायाची तपासणी. काँक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्टर खड्डे बघतो. ओतून ठेवलं तर उकरायला लावतो. पास.

२८ जून

खांब, तुळया, वरच्या पट्ट्या उभ्या. स्टेन लावायचा बाकी. पेव्हर अर्धे झाले. आज पाच वाजता पहिल्यांदा परसदारात खुर्ची टाकून बसले. पट्ट्यांची सावली अंगावर, ऊन तरी आहेच.

१२ जुलै

शहराची अंतिम तपासणी पास. गॅसची दाबचाचणी मागच्या आठवड्यातच झाली. कमिटीला पूर्ण झाल्याचे फोटो पाठवले. बुधवारच्या पावसात अण्णांनी परत चुरमुरे टाकले होते. पाइपच्या तोंडातून बाहेर पडले आणि खोलग्याला लागले. आजी कुंपणावरून बघत होत्या. आता त्यांनाही पिशवी हवी आहे, भडंगासाठी नाही.

१९ जुलै

अण्णांना विमानतळावर सोडून आलो. घरी येऊन मागे गेले तर मांडवाच्या पट्ट्यांखाली चार तारा ताणलेल्या. बागेत ताणतात तशा, टोकाला पिळा देऊन, बोट लावलं तर वाजतील इतक्या कडक. कुंडीतला वेल खांबाला सुतळीने बांधलेला. कधी केलं कोण जाणे. नवऱ्याला माहीत होतं, त्याने सांगितलं नाही.

मंजूर चित्रात तारा नाहीत. कमिटीचा माणूस फोटो पडताळायला मंगळवारी येणार आहे.

पोर्टल उघडलं. बदलाचं वर्णन : गॅल्व्हनाइज्ड तार, ४ ओळी, जमिनीपासून उंची ९ फूट. रंग : चंदेरी. निचऱ्यावर परिणाम : नाही. कारण : द्राक्षं.